एसीच्या जागी कोयरी

चिटणीसबाईंना बहरीनमधल्या कुठल्याही भिंतीजवळ एकटं सोडणं धोक्याचं होतं. नारळ घेताना आपण जसा वाजवून घेतो, तशी त्या भिंत वाजवून बघायच्या. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं, टकटक करायचं, कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा: "भरीव" किंवा "पोकळ". तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता. माणसांनाही त्या हेच दोन शेरे लावत. मला कुठला लावला होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या असतात.

कुमुद चिटणीस मूळच्या अलिबागच्या. इथल्या एका भारतीय शाळेत त्या चित्रकला शिकवत. यजमान गेल्यावरही परत न जाता शाळेच्या व्हिसावर राहिल्या. बुदैया हायवेला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये त्यांचं बिऱ्हाड. माझी मुलगी ईरा त्यांच्या वर्गात होती. बाई कशा आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाबा, शी नॉक्स ऑन अस." खरंच, कुणी चित्र न काढता नुसतं बसलं, की बाई त्याच्या डोक्यावर टकटक करत.

बाईंना गाडी चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. या दोन उणिवांवर आमचा स्नेह उभा होता. दर शुक्रवारी सकाळी बेल वाजायची. "लिमये, गाडी काढा." लिमये गाडी काढायचे. मी बँकेत ऑडिटर आहे. दिवसभर लोकांच्या चुका काढतो आणि संध्याकाळी घरी आलो की बायको, निशा, माझ्या काढते. त्यातून वेळ उरला तर मी बहरीनच्या वारशाचा जाणकार असे. पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना मोत्यांबद्दल, बुड्या मारून मोती काढणाऱ्यांबद्दल, समुद्रातल्या दगडांनी बांधलेल्या घरांबद्दल सांगायचो. हे सगळं ज्ञान म्युझियमच्या एका घडीपत्रकातून आलं होतं आणि तेही मी एका बाजूनेच वाचलं होतं. बाईंनी एकदा माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "छान बोलता तुम्ही. आता जरा बघायला शिका."

त्यांची दुसरी खोड म्हणजे "हे आपलं". इंग्रजांच्या अमदानीत इथले व्यापारी मोती घेऊन मुंबईला जायचे. येताना बोटीतून साग यायचा, कापड यायचं, आरसे यायचे, पितळी फुल्या ठोकलेल्या पेट्या यायच्या. एवढं घडीपत्रकातही होतं. बाई त्याच्या फार पुढे गेल्या होत्या. जुन्या दारावरचं कमळ दिसलं, की "आपलं". खिडकीच्या गजावरची वेलबुट्टी, "आपली". भिंतीवर जिप्सममध्ये कोरलेला मोर दिसला, तेव्हा तर त्या त्याच्याकडे माहेरचा माणूस भेटल्यासारखं बघत राहिल्या.

मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, कमळ इराणातूनही आलं असेल. इराण समोरच आहे."

"इराणात चिखल आहे का?" बाईंनी विचारलं.

इराणातल्या चिखलाची मला माहिती नव्हती, त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला. पुढे एका घरात चिनी बशांवर असतात तसले वळणदार ढग दिसले. मी म्हटलं, "हे तरी चीनचं ना?" त्यावर बाई म्हणाल्या, "असेल. पण मुंबईला बोट बदलली ना त्यांनी?"

झल्लाकच्या प्रकरणानंतर मी त्यांना भिंतींपासून लांब ठेवायचं ठरवलं होतं. आमच्या बँकेचं वार्षिक जेवण तिकडच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात होतं आणि निशाने कौतुकाने बाईंना बरोबर घेतलं. हॉटेलच्या लॉबीत चारी बाजूंनी नक्षीच्या पांढऱ्या चौकटी लावल्या होत्या. आमचे मोठे साहेब कुणा पाहुण्यांना ती पारंपरिक कारागिरी दाखवत होते. तेवढ्यात मागून टकटक ऐकू आली आणि पाठोपाठ बाईंचा वर्गात पोचणारा आवाज आला, "पोकळ!" मग पुढच्या चौकटीवर टकटक. "हीसुद्धा पोकळ! लिमये, सगळं फायबर आहे!" हॉटेलचा मॅनेजर धावत आला. काही प्रॉब्लेम आहे का म्हणून त्याने विचारलं. "नो प्रॉब्लेम," बाई म्हणाल्या. "ओन्ली एम्प्टी." मी परिस्थिती सावरायला गेलो आणि मोठ्या साहेबांना फायबर किती टिकाऊ असतं, यावर बरंच काही सांगून बसलो. ईरा हळूच म्हणाली, "बाबा, आय डोन्ट नो यू." त्या वर्षी माझं प्रमोशन झालं नाही. त्याला दुसरीही कारणं होती, असं मी घरी सांगतो.

पण बाईंना कुणी लांब ठेवू शकलं असतं, तर उम्म खलील त्यांना भेटलीच नसती.

बुदैयाच्या जुन्या गावात, शेतांच्या मागे, एक घर आहे. एका शुक्रवारी दार उघडं दिसलं आणि आतल्या बैठकीतल्या भिंतीवर नक्षी दिसली. मी गाडी लावेपर्यंत बाई आत. अनोळखी बाई आपली भिंत वाजवतेय हे पाहून घरातल्या म्हातारीने पोलीस बोलवायला हवे होते. तिने चहा मागवला. ही उम्म खलील, म्हणजे खलीलची आई. वय ऐंशीच्या पुढे, बोलणं हिंदीत. तिचे सासरे मोती विकायला महिनोन् महिने मुंबईत राहत. हिंदी त्यांनी तिथून आणली आणि ती घरात राहिली.

त्या बैठकीत भिंतीभर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, जिप्समच्या कोरीव चौकटींची रांग होती. जिप्सम इथलंच, जमिनीतून काढलेलं. त्याला ते जुस्स म्हणतात. प्रत्येक चौकटीत वेगळी नक्षी. आणि बरोबर मध्ये, सगळ्यात मानाच्या जागी, प्लायवुडचा तुकडा ठोकून त्यावर कॅलेंडर लावलेलं.

"इधर एसी था," उम्म खलील म्हणाली.

ज्या उन्हाळ्यात घरात पहिला विंडो एसी आला, त्या उन्हाळ्यात तो बसवायला मधली चौकट करवतीने कापून काढली होती. थंड हवेच्या आनंदात तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मग स्प्लिट एसी आला, विंडो एसी भंगारात गेला, भोक राहिलं. उम्म खलील नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा तिला त्याच चौकटीखाली बसवलं होतं. आता नातवाचं लग्न ठरलं होतं आणि नातसुनेला तिथेच बसवायचं म्हातारीच्या मनात होतं, पण कॅलेंडरखाली नाही. खलील स्वतः साठीचा, नीटनेटका माणूस. त्याने तुबलीतल्या एका वर्कशॉपला तयार चौकट सांगून ठेवली होती.

"फायबर?" बाईंनी विचारलं.

"व्हेरी गुड फायबर," खलील म्हणाला.

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "मैं बनाएगी," त्या म्हणाल्या. "जुस्स का. पहले जैसा."

पहिल्यासारखी म्हणजे कशी, हा प्रश्न होताच. फोटो नव्हता. उम्म खलीलने बोटाने गालिच्यावर एक आकार काढला. खाली गोल, वर निमुळता, टोक जरासं कललेलं. बाई ओरडल्याच, "कोयरी!"

"लोज," उम्म खलील म्हणाली.

लोज म्हणजे बदाम, आपला देशी बदाम, कोकणात शाळेच्या अंगणात असतो तो. इथे लोक जीव टाकतात त्या फळावर. उन्हाळ्यात हायवेच्या कडेला लाल-हिरव्या लोजच्या टोपल्या मांडलेल्या असतात. उम्म खलीलने तिच्या सासूकडून ऐकलेली हकिगत सांगितली. नक्षी कोरणारा शेजारच्या गावचा. त्याच्यापुढे सासूची मुंबईहून आलेली लाल शाल टाकली आणि सांगितलं, असं काढ. शालीवर कोयऱ्या होत्या. त्याने कधी आंबा पाहिला नव्हता. बराच वेळ बघून तो म्हणाला, हा तर लोज. आणि त्याने लोज म्हणून तो कोरला.

"म्हणजे चुकला तो," बाई मला मराठीत म्हणाल्या.

उम्म खलीलला शब्द कळले नसतील, सूर कळला. "गलती नहीं," ती म्हणाली. "इधर लोज होता है."

आता चुका हा माझा प्रांत. मी पुढे सरसावलो आणि सांगितलं, की मुळात देशी बदामाचं झाडच हिंदुस्थानातून इकडे आलं असणार, तेव्हा कोयरी म्हटलं काय आणि लोज म्हटलं काय, हिशोब जुळतो.  मग उम्म खलीलने खजुरांची ताटली माझ्यापुढे सरकवली. माणसाचं तोंड बंद करायला यापेक्षा सभ्य उपाय मी पाहिलेला नाही.

परतीच्या वाटेवर बाईंनी एकाही भिंतीकडे पाहिलं नाही, जे कधी घडत नसे. शाळेने त्यांची मुदत आणखी वाढवायला नकार दिला होता. जूनअखेर व्हिसा संपत होता आणि लग्न त्याच्या थोडंसं आधी होतं. सिग्नलला त्या म्हणाल्या, "लिमये, इतकी वर्षं मी इथे पोरांना सफरचंद काढायला शिकवलं. ते सगळे कागद रद्दीत गेले. मी गेले की माझं कपाटही दुसऱ्याला देतील, आणि बरोबरच आहे ते. पण एक वस्तू इथे राहिली पाहिजे हो माझी. भरीव."

 मी सिग्नलकडे टक लावून बघत राहिलो. सिग्नल हिरवा होता, हे मागच्या गाड्यांनी कळवलं.

बाईंच्या फ्लॅटमध्ये सामानाची बांधाबांध चालली होती, म्हणून कारखाना आमच्या बाल्कनीत उघडला. बाईंना काळजी नव्हती. इथल्या मराठी मंडळाचा गणपती त्या दरवर्षी जिप्समच्याच प्लास्टरमध्ये ओतत, त्यामुळे प्लास्टर आपल्याला ओळखतं असा त्यांचा समज होता. गणपतीच्या सवयीने त्यांनी घट्ट कालवलं आणि चौकटीत ओतलं. पण साच्यातल्या गणपतीला लवकर सुकणं हा गुण असतो आणि कोरायच्या नक्षीला तोच अवगुण. बाई पेन्सिलला टोक करेपर्यंत प्लास्टरचा दगड झाला. पटाशी लावली तर चौकटीचे चार तुकडे. दुसऱ्या खेपेला पाच. मी मदत म्हणून घमेली बाथरूममध्ये धुतली. संध्याकाळपर्यंत आमच्या पाइपात बहरीनमधली सगळ्यात भरीव वस्तू तयार झाली होती. खालच्या तिन्ही मजल्यांची मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. चौथी माफी निशाची होती आणि ती अजून मंजूर झालेली नाही.

मग आम्ही तुबलीला गेलो. गॅरेजांच्या रांगेत नक्षीचं वर्कशॉप होतं. तिथला माणूस हसायला लागला. "मॅडम, आजकल कौन तराशता है? मोल्ड लो, माल डालो, खलास." बाईंनी त्याचा मोल्ड वाजवून पाहिला आणि शेरा न देताच गाडीत येऊन बसल्या. मला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या.

लग्नाच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. बाई आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. निशा गुलाबजामचा पाक करत होती आणि त्यात लिंबू पिळत होती.

"लिंबू कशाला?" मी विचारलं. स्वयंपाकघरात मी विचारलेल्या प्रश्नाचा कुणाला उपयोग झाला, असं हे एकच उदाहरण.

"म्हणजे पाक लवकर बसत नाही," निशा म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाल्कनीकडे. "लिंबू आहे अजून?"

"हेच शेवटचं."

बाई तडक खाली गेल्या आणि बरणी घेऊन वर आल्या. त्यांचं स्वयंपाकघर आवरून झालं होतं, फक्त अलिबागची आमसुलं तेवढी उरली होती. त्यांनी ती पाण्यात भिजत घातली.

"अहो बाई, ते प्लास्टर आहे, सोलकढी नव्हे."

"आंबट ते आंबट," बाई म्हणाल्या आणि ते पाणी घमेल्यात ओतलं.

प्लास्टर बसेना. खरवसासारखं मऊ राहिलं. बाईंनी पदर खोचला आणि कोरायला बसल्या. मी शेजारी पंखा धरून उभा, कारण बाल्कनीत एसी नव्हता आणि बाईंना मधे थांबायचं नव्हतं. कडेची वेल झाली, कोपऱ्यातली फुलं झाली. मधला आकार मात्र त्यांनी शेवटी ठेवला. टोक किती कलवायचं? सरळ ठेवलं तर लोज, वळवलं तर कोयरी. बाई बराच वेळ पटाशी हातात धरून बसल्या. मग त्यांनी ते टोक अगदी एवढंसं कलवलं, गालिच्यावर म्हातारीच्या बोटाने कलवलं होतं तेवढंच.

सकाळी चौकट वाळली होती, शाबूत होती आणि तिचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. आमसुलांनी आपलं काम केलं होतं. बाईंनी ती उजेडाकडे फिरवून पाहिली. दुसरी करायला आता वेळ नव्हता. "डागाळली," एवढंच म्हणाल्या. डोळे पुसले तेव्हा गालाला प्लास्टर लागलं, ते त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

तरी आम्ही ती नेली, मागच्या सीटवर, बेल्ट लावून. बैठकीत खलीलची पांढरीशुभ्र फायबरची चौकट भिंतीला टेकवून तयार होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. आमची बिचारी आजारी दिसत होती. उम्म खलील काठी टेकत आली. ती वाकली. तिने मधलं बोट दुमडलं आणि आधी फायबरवर टकटक केली, मग आमच्यावर. कुणाचं बघून शिकली होती ते उघड होतं. मग तिने त्या कललेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि तो तिथेच ठेवला.

"लोज," ती म्हणाली.

"कोयरी," बाई म्हणाल्या.

"लोज."

दोघी रडत होत्या. खलीलने चौकट उचलून भोकात बसवून पाहिली आणि विचारलं, पांढरा रंग मारून घेऊ का? "रंग मफी," म्हणजे रंग नाही, असं म्हातारीने सांगितलं, आणि त्या घरात तो विषय संपला.

लग्नाच्या दिवशी ती बैठक फक्त बायकांसाठी होती, त्यामुळे मी काही पाहिलं नाही. निशाने सांगितलं, की नातसून त्याच जागी बसली होती आणि बाई दाराजवळ उभ्या होत्या.

विमानाच्या दिवशी बाई म्हणाल्या, "जाता जाता गावातून चला." बैठकीत नातसून आणि तिच्या कुवेतहून आलेल्या मावश्या होत्या. आम्हाला आग्रहाने बसवलं. एवढ्या फेऱ्यांत बाई त्या खोलीत कधी नीट बसल्याच नव्हत्या, सतत भिंतीपाशी उभ्या असत. त्या दिवशी त्या गालिच्यावर बसल्या, आपल्याच चौकटीखाली, तिच्याकडे पाठ करून, घरातल्या बायका बसतात तशा.

एका मावशीने भिंतीवरच्या रांगेकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. नातसून कॉलेजात शिकलेली, आम्हालाही कळावं म्हणून इंग्रजीत बोलली. हे सगळं आमचं, म्हणाली, इथलं जुनं काम. आणि मग बाईंच्या डोक्यावरच्या चौकटीकडे हात करून म्हणाली, "ही सगळ्यात जुनी. रंगावरूनच कळतं बघा."

मी ऑडिटर. चूक दिसली की माझं तोंड आपोआप उघडतं. ते उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझा पाय दाबला, जोरात. उम्म खलीलने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. "हाँ," त्या नातसुनेला म्हणाल्या, "सबसे पुराना."

उम्म खलीलने खजुरांची ताटली माझ्याकडे सरकवली.

गाडीत बसल्यावर मला राहवेना. "बाई, अहो, सांगायला हवं होतं. ते तुमचं काम आहे."

"आमचं म्हणाली ना ती पोर?"

"म्हणाली."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना "आपलं" म्हणत हिंडलेली ही बाई. त्यांची स्वतःची एकुलती एक वस्तू त्यांच्यासमोर दुसऱ्याची झाली आणि मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. हायवेला लोजच्या टोपल्या दिसल्या तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली, एक फळ घेतलं, पदराला पुसून खाल्लं आणि बी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

विमानतळावर त्यांनी मला आत येऊ दिलं नाही. ट्रॉली ढकलत त्या काचेच्या दारातून गेल्या. आत कुठल्याशा दुकानाची जुन्या घराच्या दारासारखी सजवलेली कमान होती, नक्षीदार, पांढरीशुभ्र. मी मनात म्हटलं, आता नाही, बाई, रांग पुढे सरकतेय. ट्रॉली थांबली. बाईंनी मधलं बोट दुमडलं, कमानीवर टकटक केली, कान लावला. मग वळून त्यांनी मला काचेतून शोधलं. आवाज येत नव्हता, पण ओठांवरचं "पोकळ" मला बरोबर कळलं. मी मान डोलावली आणि त्या गेल्या.